कमांड-लाइन ऑप्शन्स सुसंगत करताना जुन्या स्क्रिप्ट्स कशा जपायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचं कमांड-लाइन टूल लिहिणाऱ्या आणि ते वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. ऑप्शन्सची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायची.

ऑप्शन्समध्ये सुसंगती एवढी महत्त्वाची का? मॅन पेज (कमांडचं सोबत येणारं माहितीपान) असतंच की.

मॅन पेज कधीतरी उघडलं जातं, कमांड मात्र रोज टाइप होते, आणि तेव्हा माणूस हाताच्या सवयीवर चालतो. दूरच्या मशीनवर काम करण्यासाठीच्या ओपनएसएसएच या टूल्सच्या संचाचंच उदाहरण घ्या. एसएसएचला पोर्ट सांगायचा तर स्मॉल -पी, आणि त्याच संचातल्या, फाइल्स कॉपी करणाऱ्या एससीपीला सांगायचा तर कॅपिटल -पी. कारण एससीपी हे जुन्या आरसीपीच्या वळणावर बांधलं गेलं, आणि तिथे स्मॉल -पी म्हणजे फाइलची वेळ आणि परवानग्या जशाच्या तशा ठेवणं. ते अक्षर आधीच गेलेलं होतं. आज कुणी सवयीने 'एससीपी -पी २२२२ अहवाल सर्व्हर:' असं लिहिलं, तर स्मॉल -पी मुकाट्याने मान्य होतो, पोर्ट २२ च राहतो आणि २२२२ ही कॉपी करायची फाइल समजली जाते. चूक एकीकडे आणि तक्रार भलतीकडे.

बरं, हे आता बदलताही येत नाही. स्मॉल -पी देऊन फाइलच्या वेळा जपणाऱ्या बॅकअप स्क्रिप्ट्स जगभर चालू आहेत. म्हणून सुसंगतीचा विचार पहिल्या रिलीजच्या आधी करायचा. नंतर केलात तर प्रत्येक सुधारणेसमोर कुणाची तरी चालू स्क्रिप्ट उभी असते.

मुळात नियम कुणाचे पाळायचे? पॉझिक्सचे की ग्नूचे?

पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक, आणि ग्नू हा लिनक्सवरची बरीचशी मूळ टूल्स देणारा प्रकल्प. नियम दोन्हींचे पाळा, त्यात फारसा विरोध नाही. पॉझिक्सच्या मार्गदर्शक नियमांत ऑप्शन एका अक्षराचा असतो, त्याच्या आधी एक डॅश येतो, किंमत (म्हणजे ऑप्शनसोबत द्यायचं मूल्य) न घेणारे ऑप्शन्स एकत्र लिहिता येतात (-ए -बी ऐवजी -एबी), नुसते दोन डॅश आले की ऑप्शन्स संपले असं समजायचं, आणि फाइलच्या जागी एकटा डॅश म्हणजे स्टँडर्ड इनपुट. ग्नूने त्यावर दोन डॅशवाली लांब नावं आणली आणि प्रत्येक प्रोग्रॅमला --हेल्प आणि --व्हर्जन असलंच पाहिजे असा दंडक घातला.

खरा फरक क्रमाचा आहे. पॉझिक्स म्हणतं, आधी सगळे ऑप्शन्स, मग फाइल्स. ग्नूची लायब्ररी मात्र फाइलच्या नंतर आलेला ऑप्शनही उचलते. तसं नको असेल तर पॉझिक्सली_करेक्ट हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करावा लागतो. तुम्ही यातलं काहीही निवडा, पण तुमच्या सगळ्या उपकमांड्सना एकच नियम लावा. एका उपकमांडने फाइलनंतरचा ऑप्शन घ्यायचा आणि दुसरीने त्यालाच फाइल समजायचं, हे सर्वांत वाईट.

फाइंडमधलं -नेम, जावाचं -क्लासपाथ असे एका डॅशचे लांब ऑप्शन्सही दिसतात. त्यांना इतिहास आहे. नव्या टूलमध्ये ती वाट धरू नका, कारण मग एकाक्षरी ऑप्शन्स एकत्र लिहिण्याची सोय तरी जाते किंवा अर्थाचा गोंधळ तरी होतो. जावाने स्वतः २०१७ मध्ये, नवव्या आवृत्तीत, दोन डॅशची पद्धत जवळ केली. तिथलं एक बारीक काम मला फार आवडतं: जुनं -व्हर्जन पूर्वीसारखंच स्टँडर्ड एररवर (एररसाठीच्या वेगळ्या प्रवाहात) छापतं आणि नवं --व्हर्जन स्टँडर्ड आउटपुटवर. जुन्याची खोड तशीच ठेवली, कारण तिच्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट्स होत्या, आणि नव्याला योग्य वागणूक दिली.

एकाक्षरी ऑप्शन कशाला द्यावा?

हात आखडून. अक्षरं स्मॉल-कॅपिटल धरून ५२, त्यातली निम्मी लोकांच्या मनात आधीच ठरलेली. आणि तीही एकमताने नव्हे: -एच म्हणजे कुठे मदत, एलएसमध्ये फाइलचा आकार वाचायला सोपा करणं, पीएसक्यूएल या डेटाबेस टूलमध्ये होस्ट. -व्ही म्हणजे कुठे जास्त माहिती, कुठे आवृत्ती, मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये उलटी निवड (न जुळणाऱ्या ओळी दाखवणं). नवा ऑप्शन आधी फक्त लांब नावाने सोडा. लोक तो दिवसातून अनेकदा वापरताहेत असं दिसलं की मग अक्षर द्या. दिलेलं अक्षर परत घेता येत नाही.

लांब नावं ठरवताना काय पाहायचं?

एका कल्पनेला एकच नाव, सगळ्या टूल्समध्ये. 'परिणाम कुठे लिहायचा' यासाठी एकीकडे --आउटपुट, दुसरीकडे --डेस्ट, तिसरीकडे --टू असेल तर प्रत्येक वेळी मदत उघडावी लागते. कोडच्या शेजारी एक साधी फाइल ठेवा: नाव, अर्थ, किंमत घेतं का, कुठल्या उपकमांडमध्ये आहे. नवा ऑप्शन आणणाऱ्याने आधी ती फाइल पाहायची. ग्नूच्या कोडिंग नियमांतही त्यांच्या प्रोग्रॅम्समधल्या लांब ऑप्शन्सचा मोठा तक्ता याच हेतूने दिलेला आहे. नाव सुचत नसेल तर तिथे डोकावा.

चालू-बंद ऑप्शनला जोडी द्या: --कॅश आणि --नो-कॅश. आज डिफॉल्ट कोणताही असो, दोन्ही बाजू स्पष्ट लिहिता आल्या पाहिजेत. याचा उपयोग खाली डिफॉल्ट बदलण्याच्या प्रश्नात दिसेल. आणि --डिसेबल-कॅश=फॉल्ससारखी दुहेरी नकाराची रूपं टाळा; ती वाचताना चूक होणारच.

बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी (जुनं चालत राहणं) म्हणजे फक्त नावं टिकवणं का?

नाही. नाव टिकलं आणि अर्थ सरकला तर ते नाव काढून टाकण्यापेक्षा घातक. ऑप्शन काढला तर स्क्रिप्ट निदान एरर देऊन थांबते. अर्थ सरकला तर ती बिनबोभाट चुकीचं काम करत राहते. नाव, अर्थ, डिफॉल्ट किंमत, एक्झिट कोड (काम जमलं की नाही हे सांगणारा आकडा), स्टँडर्ड आउटपुटवरचा मजकूर, एकच ऑप्शन दोनदा आल्यास कोणता जिंकतो, हे सगळं लोकांनी गृहीत धरलेलं असतं. तुम्ही ते कागदावर लिहून दिलं नसलं तरी.

पण जुनं नाव खरंच वाईट आहे. ते बदलायचं कसं?

नवं नाव आणा आणि जुनं त्याचं टोपणनाव म्हणून राहू द्या. समजा तुमच्या टूलमध्ये --आउटडिर आहे, आणि आता सगळीकडे --आउटपुट-डिर करायचं ठरलं. पार्सरला (ऑप्शन्स वाचणाऱ्या कोडला) ही दोन्ही नावं एकाच व्हेरिएबलवर नेऊन सोडायला सांगा. दोन वेगळे व्हेरिएबल ठेवून शेवटी 'नवा रिकामा असेल तर जुना घे' असं लिहिलंत, की पुढची अडचण येते: कुणाच्या तरी शेल-अलायसमध्ये --आउटपुट-डिर /तात्पुरतं असं आहे आणि तो टर्मिनलवर शेवटी --आउटडिर /कायम असं लिहितो. त्याची अपेक्षा अशी की शेवटी लिहिलेलं चालावं. तुमच्या कोडमध्ये मात्र नवं नाव नेहमी जिंकतं आणि फाइल्स भलत्या फोल्डरमध्ये जातात. एकच व्हेरिएबल असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

मदतीच्या यादीतून जुनं नाव काढा, पण मॅन पेजमध्ये एका ओळीत राहू द्या. पाच वर्षांपूर्वीची स्क्रिप्ट वाचणाऱ्याला ते तिथे शोधता आलं पाहिजे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये डिफ कमांडला --कॅश्ड होतं. नवशिक्यांना सोपं जावं म्हणून --स्टेज्ड हा समानार्थी ऑप्शन आला. आज दोन्ही चालतात, आणि त्याने कुणाचंही काही बिघडलेलं नाही.

जुनं नाव वापरलं की वॉर्निंग द्यावी का?

इथे घाई करू नये. ग्नू ग्रेपची ३.८ आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली आणि ईग्रेप, एफग्रेप ही ग्रेपची जुनी रूपं वापरल्यावर स्टँडर्ड एररवर वॉर्निंग छापू लागली. या दोन्ही कमांड्स २००७ पासून कालबाह्य म्हणून जाहीर होत्या, म्हणजे पंधरा वर्षांची पूर्वसूचना होती. तरीही स्टँडर्ड एरर रिकामा असलाच पाहिजे असं तपासणाऱ्या चाचण्या कोसळल्या, आणि डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या पॅकेजमधून ती वॉर्निंग काढून टाकली. जी स्क्रिप्ट लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला आहे, तिला पूर्वसूचना मिळतच नाही.

वॉर्निंग ही देखील वागणुकीतला बदल आहे. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालणारी कमांड एक ओळ छापू लागली की मेल यायला लागतात. म्हणून मी असं करतो: नुसतं टोपणनाव असेल आणि ते कायम राहणार असेल, तर वॉर्निंग देतच नाही. काढायचं पक्कं असेल तरच देतो, ती स्टँडर्ड एररवरच, एका रनमध्ये एकदाच, आणि तिच्यात नवं रूप जसंच्या तसं लिहून: '--आउटडिर पुढच्या मोठ्या आवृत्तीत जाईल, --आउटपुट-डिर वापरा'. शिवाय ती बंद करण्याची सोय देतो. वॉर्निंग फक्त टर्मिनल असेल तेव्हाच दाखवावी, असं काहीजण सुचवतात. त्याने चाचण्या वाचतात हे खरं, पण मग जी स्क्रिप्ट मोडणार आहे तिच्या लॉगमध्ये काहीच उमटत नाही. काढण्याच्या आधीच्या शेवटच्या रिलीजमध्ये तरी ती लॉगमध्ये दिसली पाहिजे.

नवा ऑप्शन वाढवला तर जुनं काही मोडत नाही ना?

मोडू शकतं, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ऑप्शन्स वाचणाऱ्या लायब्ररी, म्हणजे ग्नूचं गेटऑप्ट_लाँग आणि पायथनचं आर्गपार्स, लांब नावाचं संक्षिप्त रूप चालवून घेतात, जोवर ते एकाच नावाशी जुळतं. कुणीतरी स्क्रिप्टमध्ये नुसतं --आउट लिहिलं. तुमच्याकडे --आउटपुट-डिर एवढंच होतं, म्हणून चाललं. पुढच्या रिलीजमध्ये तुम्ही --आउटपुट-फॉरमॅट आणलं. तुमच्या दृष्टीने ही निव्वळ भर. त्याची स्क्रिप्ट मात्र 'ऑप्शन संदिग्ध आहे' म्हणून बंद पडली.

वरच्या उत्तरातलं टोपणनावही याच सापळ्यात येऊ शकतं. गेटऑप्ट_लाँगमध्ये दोन्ही नावांची नोंद अगदी सारखी असेल, म्हणजे परत मिळणारी किंमतही तीच, तर ते संदिग्ध मानलं जात नाही. दुसऱ्या लायब्ररीत तसं असेलच असं नाही. स्वतः तपासून पाहा.

नवं टूल असेल तर संक्षिप्त रूपं पहिल्या दिवसापासून बंद करा. पायथनमध्ये ३.५ पासून त्यासाठी अलाऊ_अॅब्रेव्ह आहे. जुन्या टूलमध्ये ती आधीच चालत असतील तर एकदम बंद करणं म्हणजे पुन्हा मोडणंच. तिथे नवं नाव ठेवताना त्याची सुरुवात आधीच्या नावांहून वेगळी ठेवा. धोकादायक ऑप्शनला मात्र अपवाद करा. फाइल्स पुसणारं ग्नूचं आरएम --नो-प्रिझर्व्ह-रूट (मूळ फोल्डरचं संरक्षण काढणारा ऑप्शन) हे नाव तोडून लिहिलं तर स्वीकारत नाही, पूर्ण लिहायला लावतं. अगदी योग्य निर्णय.

चालू-बंद ऑप्शनला आता किंमत द्यायची आहे. कसं करू?

कंटेनर्स सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या क्यूबसीटीएल या टूलमध्ये --ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता तपासणी) असंच होतं: दिलं की चालू. पुढे तपासणी क्लायंटकडे करायची की सर्व्हरवर, असे दोन प्रकार झाले. २०२० च्या १.१८ आवृत्तीत --ड्राय-रन=क्लायंट आणि --ड्राय-रन=सर्व्हर आले, आणि नुसत्या --ड्राय-रनचा जुना अर्थ, म्हणजे क्लायंट, वॉर्निंगसह चालू ठेवला गेला. पद्धत हीच: किंमत नसलेल्या रूपाचा अर्थ आधीचाच राहिला पाहिजे.

यात एक खाच आहे. किंमत ऐच्छिक झाली की बरोबरचं चिन्ह सक्तीचं होतं. 'ग्रेप --कलर ऑल्वेज नोंदी' असं लिहिलंत तर ऑल्वेज हा रंगाचा पर्याय न राहता शोधायचा शब्द होतो, आणि नोंदी या फाइलमध्ये ऑल्वेज शोधला जातो. एररही येत नाही. म्हणूनच पॉझिक्स म्हणतं की ऑप्शनची किंमत ऐच्छिक नसावी. नव्या टूलमध्ये वेगळा ऑप्शनच करा: --ड्राय-रन आणि --ड्राय-रन-मोड. दिसायला जड, पण गैरसमजाला जागा नाही.

डिफॉल्ट बदलायचा असेल तर?

हा सगळ्यांत नाजूक बदल, कारण ज्यांनी ऑप्शन लिहिलाच नाही त्यांच्यावर तो होतो. गिटने हे नीट करून दाखवलं आहे. नुसतं गिट पुश म्हटलं की सर्व्हरवर त्याच नावाच्या ब्रँचेस असलेल्या तुमच्या सगळ्या ब्रँचेस जायच्या. नवशिक्यांना ते महागात पडायचं. त्यांनी आधी दोन्ही वागणुकींना नावं दिली, मॅचिंग (ही जुनी) आणि सिंपल (फक्त चालू ब्रँच), आणि सेटिंगमध्ये यातलं काय हवं ते लिहिण्याची सोय केली. मग ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं फक्त त्यांना वॉर्निंग दाखवली. मे २०१४ मध्ये गिट २.० आलं तेव्हा डिफॉल्ट बदलला. ज्याने आधीच मॅचिंग असं लिहून ठेवलं होतं, त्याला काही जाणवलंही नाही.

क्रम लक्षात घ्या: आधी दोन्ही बाजू स्पष्ट लिहिण्याची सोय, मग सूचना, मग बदल, आणि बदलानंतर परतीची वाट. ओपनएसएसएचच्या ९.० आवृत्तीत, २०२२ मध्ये, एससीपी आतून एसएफटीपी प्रोटोकॉल वापरू लागलं. जुना सर्व्हर असेल तर कॅपिटल -ओ देऊन पूर्वीच्या प्रोटोकॉलवर जाता येतं.

फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी असलेला बदल थोडा मोकळेपणाने करता येतो. ग्नूचं एलएस २०१६ पासून स्पेस असलेली फाइलनावं अवतरणांत दाखवतं, पण आउटपुट टर्मिनलवर असेल तेव्हाच. पाइपमध्ये पूर्वीसारखंच. तरीही बरीच नाराजी झाली, पण स्क्रिप्ट्स वाचल्या.

लोक आउटपुट कापून वापरतात. त्याचं काय?

वापरणारच, त्यांना पक्की जागा द्या. गिट स्टेटसला --पोर्सेलिन आहे: त्याचं आउटपुट आवृत्त्या बदलल्या तरी बदलणार नाही असं वचन आहे, आणि नवी माहिती द्यायची वेळ आली तेव्हा जुन्याला हात न लावता --पोर्सेलिन=व्ही२ आणलं गेलं. मग माणसांसाठीचं आउटपुट सुधारायला तुम्ही मोकळे. डेबियनकडचं एपीटी हे पॅकेज बसवण्याचं टूल दुसऱ्या बाजूने तेच करतं: त्याचं आउटपुट पाइपमध्ये घातलं की ते बजावतं, हा इंटरफेस स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. स्क्रिप्टसाठी एपीटी-गेट आहे.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून ऑप्शन्स देण्याची सोय करावी का?

एकेका सेटिंगसाठी करा. कमांड लाइन सर्वांत वरचढ, मग एन्व्हायर्नमेंट, मग कॉन्फिग फाइल, शेवटी डिफॉल्ट. पण कोणताही ऑप्शन घुसवता येईल असा व्हेरिएबल नको. ग्रेपचा ग्रेप_ऑप्शन्स तसाच होता: कुणी स्वतःच्या सोयीसाठी त्यात रंग चालू करायचा आणि दुसऱ्याच स्क्रिप्टमधल्या ग्रेपचं आउटपुट बिघडायचं. २०१४ मध्ये तो कालबाह्य ठरवला, २०२० मध्ये त्याचा परिणाम पूर्ण काढला.

जुना ऑप्शन किती काळ ठेवायचा?

कुबरनेटीसचा लिखित नियम आहे: स्थिर ठरलेला कमांड-लाइन घटक कालबाह्य जाहीर केल्यावर किमान १२ महिने किंवा दोन रिलीज, यातलं जे जास्त असेल तेवढा चालला पाहिजे. असा नियम तुमच्याही प्रोजेक्टमध्ये लिहून ठेवा, वाद वाचतात. पण माझं मत विचाराल तर साध्या टोपणनावाला मुदतच नको. ते सांभाळायला पार्सरमधली एक ओळ लागते. फाइल्सचा एक गठ्ठा बांधणारं टार १९७९ च्या युनिक्समध्ये आलं आणि डॅश न लावता लिहिलेलं 'टार एक्सव्हीएफ' आजही चालतं.

उलट अनुभवही आहे. पॉझिक्सच्या २००१ च्या आवृत्तीने 'हेड -५', 'टेल +५', 'सॉर्ट +१' ही जुनी रूपं वगळली आणि ग्नूच्या टूल्सनी ती नाकारायला सुरुवात केली. बिल्ड स्क्रिप्ट्स मोडू लागल्या, म्हणून जुनी वागणूक मागणारा एक व्हेरिएबल द्यावा लागला. 'हेड -५' आज पुन्हा बिनतक्रार चालतं.

खरोखर काढावा असा ऑप्शन म्हणजे ज्याने नुकसान होतं. उदाहरणार्थ पासवर्ड थेट कमांड लाइनवर घेणारा, कारण पीएसच्या (चालू प्रोग्रॅम्सच्या) यादीत तो मशीनवरच्या इतरांनाही दिसू शकतो. काढलात तरी पार्सरला ते नाव ओळखू द्या, म्हणजे 'अनोळखी ऑप्शन' ऐवजी 'हा काढला आहे, त्याऐवजी --पासवर्ड-फाइल वापरा' असा एरर देता येईल. आणि ते नाव दुसऱ्या अर्थाने पुन्हा कधीही वापरू नका.

सगळाच पसारा विसंगत असेल तर नव्याने सुरुवात करू का?

जुन्याच्या शेजारी करा. गिट चेकआउट एकीकडे ब्रँच बदलायचं आणि दुसरीकडे फाइलमधले बदल पुसायचं. ऑगस्ट २०१९ च्या २.२३ आवृत्तीत ही कामं गिट स्विच आणि गिट रिस्टोअर अशी वेगळी झाली. चेकआउट जागेवरच आहे. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरनेही २०१७ मध्ये 'डॉकर कंटेनर एलएस' अशी मांडणी आणली आणि 'डॉकर पीएस' ठेवलं. शिकवताना नवं शिकवा, जुनं चालू द्या.

आपण काही मोडलं नाही हे तपासायचं कसं?

जुन्या कमांड्सची एक फाइल साठवा. तुमच्या रीडमीच्या प्रत्येक आवृत्तीतली उदाहरणं, बग रिपोर्टमध्ये लोकांनी चिकटवलेल्या ओळी, तुमच्याच सीआयमधल्या (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमधल्या) कमांड्स, सगळं त्यात घाला. प्रत्येक रिलीजआधी त्या जशाच्या तशा चालवा आणि एक्झिट कोड, स्टँडर्ड आउटपुट व स्टँडर्ड एरर आधीच्या आवृत्तीशी ताडून पाहा. बग रिपोर्टमधल्या ओळी सर्वांत मोलाच्या, कारण लोक तुमचं टूल कसं वापरतील हे तुम्हाला सुचलेलं नसतं ते तिथे दिसतं: ऑप्शन दोनदा दिलेला, फाइलनंतर दिलेला, तोडून लिहिलेला.

दुसरी चाचणी पार्सरच्या तक्त्याची. सगळी नावं, अक्षरं, डिफॉल्ट आणि किंमत घेतो की नाही, हे एका फाइलमध्ये छापून ती रिपॉझिटरीत ठेवा. कुणाच्याही बदलात त्या फाइलमधली ओळ गेली किंवा बदलली तर रिव्ह्यू करणाऱ्याला ती लाल दिसेल, आणि तेवढ्यापुरतं थांबून विचारता येईल. नुसती भर पडली असेल तर पुढे जायला हरकत नाही; फक्त तिच्या नावाची सुरुवात आधीच्या कुठल्या नावाशी जुळत नाही ना, ते पाहून.